उमरबोडीची अमेरिका

जगाचं पुढे काय होणार, हे माधवीने एका कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद यशूने खाल्ला.

सगळा नाही खाल्ला. अर्धा झोळीच्या साडीत कुठेतरी गडप झाला असावा. उरलेला अर्धा लगदा होऊन चौदा महिन्यांच्या यशूच्या गालात बसला होता. माधवीने बोट घालून तो बाहेर काढला, तेव्हा वाचण्यासारखं त्यावर काहीच राहिलं नव्हतं. यशूच्या हनुवटीवर निळ्या शाईचा ओघळ आला होता, आणि फार मोठं काम उरकल्याच्या समाधानाने ती आईकडे बघत होती.

"खाऊ दे वं माय," सासूबाई, म्हणजे बायनाबाई, चुलीपुढून म्हणाल्या. "कागदानं काई होत नाई. अश्वजितनं लहानपणी रेशनकार्ड चावून खाल्लं होतं. तरी खाणीत लागलाच ना."

"आई, तो नाटकाचा शेवट होता."

"मंग दुसरा लिव."

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. ते बारा मिनिटांचं नाटक लिहायला माधवीला सतरा दिवस लागले होते. यशू झोपली की दहा मिनिटं, भात शिजेपर्यंत सात, मधल्या सुट्टीत यशूला पाजताना मांडीखाली वही धरून पाच. शेवट आपण लिहिला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. काय लिहिला होता, ते मात्र काही केल्या आठवेना. पण तिच्या आठवणीचा तरी काय भरवसा? गेल्याच आठवड्यात तिने हातात खडू धरून वर्गभर खडू शोधला होता, आणि पोरं तिला मन लावून मदत करत होती.

उमरबोडी नागभीडपासून नऊ किलोमीटर आत. भाताची शेतं, एक मोठा तलाव, त्या तलावावर जगणारी मासेमारांची घरं आणि कडेला जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. शाळेचा पट वीस. बरोबर वीस, एकही जास्त नाही. वीसच्या खाली गेलं की शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळणार, अशी कुजबुज वर्षभर चालू होती. दुसरे गुरुजी पंचायत समितीच्या कामाला जुंपलेले, म्हणून शाळा म्हणजे माधवीच. शाळा गेली तर तिची बदली कुठे होईल याचा नेम नव्हता. कोणी म्हणे सिरोंचा, कोणी म्हणे त्याच्याही पलीकडे. नवरा अश्वजित घुग्घुसला खाणीत, रविवारी येणारा. आज तिची खोली शाळेपासून चाळीस पावलांवर होती. यशू रडली की तिसरीच्या वर्गात ऐकू यायची. माधवीला जगात एवढंच हवं होतं, की यशू रडलेली आपल्याला ऐकू यावी.

त्यासाठी हे नाटक. प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी शाळेचा कार्यक्रम होता, केंद्रशाळेकडून विषय आला होता 'आजचे जग', आणि केंद्रप्रमुख साहेब स्वतः येऊन कार्यक्रमही बघणार होते आणि पटही मोजणार होते. माधवीने वीस पोरांना वीस देश केलं. देश मिळून जगाला तलावातून वर ओढतात, अमेरिका खुर्चीत बसून दोराचं पुढचं टोक धरते आणि हुकूम सोडते, बाकीचे मागून ओढतात आणि कुरकुरतात. मग चीन विचारतो, की खुर्चीत कायम तूच का? इथपर्यंत नाटक लिहिलेलं होतं. पुढचं यशूच्या पोटात.

कोण कोणता देश, हे तिने चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, म्हणजे भांडण नको. चिठ्ठीत अमेरिका निघाली तिसरीतल्या अमरला. अमर हा इस्तारीभाऊंचा नातू, आणि इस्तारीभाऊ मच्छीमार सोसायटीचे बावीस वर्षांपासूनचे अध्यक्ष. चीन निघाला आचलला. आचल ही लटारूभाऊंची नात, आणि लटारूभाऊ सोसायटीचे बावीस वर्षांपासूनचे उपाध्यक्ष. सोसायटीची निवडणूक फेब्रुवारीत होती. माधवीला हे सगळं माहीत होतं. पण चिठ्ठीला माहीत नव्हतं, आणि चिठ्ठीपुढे कोणाचं चालतं?

नातू अमेरिका झाला म्हणून इस्तारीभाऊंनी शेजारच्या चार घरी साखर वाटली. नागभीडच्या टेलरकडे अमरला कोट टाकला. आणि सोसायटीच्या कचेरीतली आपली खुर्ची, काळी, गादीची, चाकांची, गोल फिरणारी, जिच्यावर त्यांच्याशिवाय कोणी टेकलेलं गावाने पाहिलं नव्हतं, ती कार्यक्रमाच्या दिवशी धुऊनपुसून शाळेत पाठवायचं कबूल केलं.

कागद खाल्ला त्याच दिवशी माधवी शाळेत जायला निघाली, तर पोरं तलावाच्या पाळीवर, बांधावर उभी. सकाळच्या थंडीत मोठं जाळं ओढणं चाललं होतं. छातीभर पाण्यात दोराला दहा-बारा माणसं एकामागे एक. सगळ्यात पुढच्याला सगळ्यात खोल आणि सगळ्यात गार पाणी. पाळीवर इस्तारीभाऊ उभे. पुढच्या माणसाचे ओठ निळे दिसले, की ते नुसतं ओरडत, "बारी." की पुढचा माणूस दोर सोडून सगळ्यात मागे जाई आणि दुसरा पुढे येई. जाळं काठाला लागेपर्यंत प्रत्येक जण एकदा तरी पुढे येऊन जाई. जाळं लागलं, की भाऊ दोन बोटं तोंडात घालून लांब शीळ घालत, आणि सगळ्यांनी दोर सोडायचा. हा नियम त्यांनीच घातलेला. पूर्वी म्हणे जो पुढे राही त्याला निमोनिया होई. पोरं हे रोज बघत, म्हणून रोज उशिरा येत, आणि माधवी रोज त्यांना ओढून शाळेत नेई.

त्या दिवशीच्या तालमीत आचलने विचारलं, "मॅडम, शेवटी काय होते? मी बसतो का खुर्चीवर?"

माधवीने खरं ते सांगितलं. "अजून ठरलं नाही गं."

ही तिची चूक. मॅडमचं अजून ठरलेलं नाही, म्हणजे ठरवायला वाव आहे, असा त्याचा अर्थ गावाने घेतला, आणि संध्याकाळपर्यंत उमरबोडीत दुसरा विषय राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत इस्तारीभाऊ शाळेत आले. आधी हवापाण्याचं बोलले. मग यशूला कडेवर घेऊन तिच्या दातांचं कौतुक केलं. मग म्हणाले, "मॅडम, अमेरिका रायते ना जी?"

"कुठे, भाऊ?"

"खुर्चीवर. शेवटी."

माधवी म्हणाली, बघू या. भाऊंनी यशूला खाली ठेवलं आणि आवाज फार मऊ केला. त्यांचं म्हणणं असं, की पोराच्या मनावर परिणाम होते. केंद्रप्रमुखांसमोर, अख्ख्या गावासमोर अमरले खुर्चीवरून उतरवलं, तर त्याले नागभीडच्या कॉन्व्हेंटात घालावं लागन. पिवळी गाडी तं दारासमोरूनच जाते.

पट एकोणीस, माधवीच्या डोक्यात घंटी वाजली.

ती अजून वाजतच होती तेवढ्यात, शाळा सुटताना, लटारूभाऊ आले. त्यांच्या धाकट्या नातवाला, आचलच्या भावाला, ती पिवळी गाडी रोज नेतच होती. "एका गाडीत दोन पोट्टे बसले तं काय बिघडते," ते म्हणाले. "बावीस वर्सं आम्ही बाजूच्या ष्टुलावर बसलो जी. नाटकात तरी आमच्या पोरीले खुर्ची भेटू द्या. आणि मी खोटं सांगून राह्यलो का? दुनिया पायते. चीन वर येऊन राह्यला."

फोनवर माधवीने हे सगळं अश्वजितला सांगितलं. तो खाणीतल्या ड्युटीवरून नुकताच सुटलेला, मागे डंपरचा घरघराट. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "आमच्या इथी सगळ्यात मोठा डंपर येते तं सगळे बाजूले होतात. होवाच लागते. पण तो चिखलात फसला, का त्याले ओढाले लहानेच बोलवतात."

"मग शेवट काय लिहू?"

"ते तू पाय. मी ड्रायव्हर नाई, फिटर हाय."

माधवीने मग शहाण्या माणसाने करू नये ते केलं. तिने दोन शेवट लिहिले. एकात अमेरिका राहते, दुसऱ्यात चीन बसतो. मनात आलं, की ज्याला जो हवा तो त्याला वाचून दाखवू आणि दिवस काढू. दोन्ही कागद तिने यशूच्या हाताला लागू नयेत म्हणून मुद्दाम उंच फळीवर ठेवले. तिथे ते बायनाबाईंच्या हाताला लागले. बायनाबाईंना वाचता यायचं, आणि चांगलं वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. हापशीवर पाणी भरता भरता त्यांनी दोन्ही शेवट बायांना ऐकवले. "दोनी चांगले हायेत," असंही वर सांगितलं.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. मॅडम दोन्हीकडून बोलतात, असं दोन्हीकडचे बोलू लागले. रविवारी सकाळी सोसायटीची सभा बोलावली गेली. तलावाच्या पाळीवर, चिंचेखाली. सभेपुढे दोन विषय होते. पहिला, मत्स्यबीज सोडणे. दुसरा, अमेरिका. मत्स्यबीजाचा विषय चार मिनिटांत आटोपला.

माधवीलाही बोलावणं होतं. ती यशूला कडेवर घेऊन गेली. आज काय तो निकाल लागणार, आणि जो काही लागेल त्यात एक पोर जाणार, हे तिला दिसत होतं. रात्रभर तिने वीसमधून एक कितीदा वजा केला होता, आणि उत्तर कधीच बदललं नव्हतं.

इस्तारीभाऊंनी सुरुवात केली. फौज कोणाची मोठी? अमेरिकेची. डॉलर कोणाचा? तिचाच. शिकलेल्या पोरांना कुठे जायचं असते? तिथेच. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरचा पोरगा चीनले गेला का अमेरिकेले? मग झालं तर.

लटारूभाऊंनी शांतपणे खिशातून मोबाईल काढला, मग बॅटरी, मग नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा, आणि सगळं सतरंजीवर मांडून ठेवलं. "हे कुठून येते, पाहा. भाऊ ज्या जाळ्याचे अध्यक्ष हायेत, ते जाळं बी तिथलंच."

"बनवणारा मोठा का घेणारा मोठा?" इस्तारीभाऊंनी विचारलं. "बजारात मान कोणाले असते?"

"जोवर घेते तोवर."

सभा दोन्ही बाजूंना माना डोलवत होती. मग लहानूबुवा बोलले. ते सोसायटीचे सगळ्यात जुने सभासद, वय ऐंशीच्या पुढे, आणि ते बोलले की सभा आपोआप चूप बसायची. ते म्हणाले, "माहा बाप सांगे, इथी इंग्रज साहेब बदकं माराले येत जाय. त्याची खुर्ची चार माणसं डोक्यावर आणत. साहेबाले वाटे, आपली खुर्ची काई आता हालत नाई."

"मंग?" कोणीतरी विचारलं.

"मंग काय. खुर्ची अजून हाय. जुन्या बंगल्यावर चौकीदार तिच्यावर कपडे वाळू घालते."

लटारूभाऊंना हे फार आवडलं. इस्तारीभाऊंचा चेहरा पडला. ते अमेरिकेबद्दल बोलत नव्हते, हे तोवर चिंचेवरच्या कावळ्यालाही कळलं असतं. माधवीला एकदम त्यांची कणव आली. आपल्यालाही कोणी इथून उठवू नये म्हणूनच तर आपण धडपडतोय. मग यांचं काय चुकलं?

मागच्या बाजूला बायकांत वच्छला बसली होती. इस्तारीभाऊंची सून, अमरची आई. सासऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे. आज डोक्यावरचा पदर सारखा करून ती उठून उभी राहिली.

"मामाजी, मले एकच सांगा. अमेरिका उतरली, तं तिचं काय होते? मरते का?"

"मरत नाई," इस्तारीभाऊ म्हणाले.

"तिले घरी जेवाले भेटते का?"

"भेटते. काऊन नाई भेटणार?"

"तिचं कोणी आयकते का?"

तोच तर प्रश्न होता. सगळी सभा तलावाकडे बघू लागली, जणू उत्तर तिथून पोहत येणार होतं. तेवढ्यात यशूने माधवीच्या कानातलं खेचलं, आणि माधवीच्या तोंडून कळ आल्यासारखं निघून गेलं, "शेवट पोरंच करतील. तिथल्या तिथे. मी काही लिहिणार नाही."

ते बोलल्यावर तिला स्वतःलाच घाम फुटला. पण सभेला ते पटलं. पोरांनी केलं म्हणजे मॅडमचा दोष नाही, अध्यक्षांचा नाही, उपाध्यक्षांचा नाही. ठराव एकमताने पास. घरी जाऊन इस्तारीभाऊंनी अमरला बजावलं, की आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही. तिकडे लटारूभाऊंनी आचलला बजावलं, की आभाळ कोसळलं तरी बसायचं. हे माधवीला पोरांनीच सोमवारी विश्वासाने सांगितलं. दोघांनीही वेगवेगळं, आणि दोघांनीही "कोणाले सांगू नका, मॅडम" असं म्हणून.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. शाळेचा ओटा म्हणजे स्टेज. ओट्यावरून अंगणात उतरायला सिमेंटचा उतार, आणि त्या उताराच्या पायथ्याशी जग. जग म्हणजे शाळेचा पृथ्वीगोल, जुन्या जाळ्यात घातलेला. तालमीत तो फार हलका लागत होता, म्हणून माधवीने जाळ्यात चार विटा टाकल्या होत्या. पहिल्या रांगेत केंद्रप्रमुख साहेब, इस्तारीभाऊ, लटारूभाऊ. कडेला मांडीवर यशूला घेऊन बायनाबाई.

खुर्ची आयत्या वेळी आली. तालमी शाळेच्या लाकडी खुर्चीवर झाल्या होत्या. हिला पाच चाकं होती. माधवीने ती पाहिली, आणि काहीतरी चुकतंय असं तिला वाटलंही. पण तोवर रशियाचं नाक गळायला लागलं होतं आणि फ्रान्सची चड्डी सुटली होती.

सुरुवात झकास झाली. अमर कोटात, खुर्चीत, उताराच्या अगदी तोंडाशी. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोराचं पुढचं टोक त्याच्या हातात, मागे एकोणीस देश. "ओढा," अमेरिकेने फर्मावलं.

देशांनी दोर ताणला. विटा आणि उतार मिळून जग काही वर येईना. मागचे जरा ढिले पडले, तशी खुर्ची हळूच उताराकडे सरकली. जग अमेरिकेकडे यायच्या ऐवजी अमेरिकाच जगाकडे निघाली. लोक हसले. अमरने घाबरून आजोबांकडे बघितलं. इस्तारीभाऊंनी तळहात खाली दाबला. बस. मग आचलने खुर्चीत कधी घुसायचं म्हणून आपल्या आजोबांकडे बघितलं. लटारूभाऊंनी हनुवटीने खूण केली. जा. आचल दोर सोडून खुर्चीला येऊन लटकली. एक देश कमी झाला, दोर आणखी ढिला पडला, आणि खुर्ची अमेरिका व चीन यांच्यासकट उताराच्या कडेला आली.

माधवी खांबाआड उभी होती. तिच्या हातात वही होती, वहीचं शेवटचं पान कोरं होतं. ती धावणार, एवढ्यात अमरने उडी मारली. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. पडणार हे त्याला दिसलं, इतकंच. दोन्ही पाय सिमेंटवर रोवून तो उभा राहिला आणि दोर त्याने सोडला नाही. पहिल्यांदाच तो खरं ओढत होता. दोर हाताला काचला. बोटं लाल झाली. आणि त्याच्या तोंडून, तीन वर्षांचा असल्यापासून रोज सकाळी ऐकलेलं, अगदी आजोबांच्याच आवाजात निघालं, "बारी."

आचलचा एक गुडघा खुर्चीच्या गादीवर टेकला होता. पण बारी म्हटल्यावर उमरबोडीच्या पोराचे पाय डोक्याला विचारत नाहीत. ती खुर्ची सोडून दोराला धावली. अमर तिच्या हाती टोक देऊन सगळ्यात मागे गेला. मग चीन ओरडला, "बारी." जपान आला. "बारी." ब्राझील आला. जाळं इंच इंच उतारावरून वर सरकू लागलं. अंगणातल्या बायका पुटपुटत बाऱ्या मोजू लागल्या, माणसांच्या मुठी आपोआप वळल्या. दुसरीतली सोमारी भारत होती. तिला एकच वाक्य होतं आणि ते ती प्रत्येक तालमीत विसरली होती. तिची बारी आली तेव्हा जग ओट्याच्या कडेला अडकलं होतं. तिने जीभ चावून एक हिसडा दिला, आणि पृथ्वीगोल विटांसकट वर आला. आणि तेव्हाच सोमारीला आठवलं. "मी पण आहे," ती म्हणाली.

इकडे खुर्ची कोणाच्याच लक्षात नव्हती. ती रिकामीच उतारावरून घरंगळली, अंगणात गोल फिरली आणि बायनाबाईंच्या पुढ्यात येऊन थांबली. यशूने तिच्याकडे पाहिलं. मग आजीच्या मांडीवरून सरकली, गादी धरली, आणि आजीने मागून जरा लोटल्यावर वर चढून बसली. तिच्या हनुवटीवर अजून थोडी निळी शाई होती.

आता सगळं गाव इस्तारीभाऊंकडे बघत होतं. माधवीही बघत होती. तिच्या डोक्यात वीसमधून एक वजा व्हायला पुन्हा सुरुवात झाली. भाऊ उठले. खुर्चीजवळ गेले. यशूने त्यांच्याकडे बघून दोन दात दाखवले, पण उठली नाही. भाऊंनी खुर्चीच्या पाठीची दांडी धरली. मग दोन बोटं तोंडात घातली आणि जाळं काठाला लागल्यावर घालतात ती लांब शीळ घातली. ओट्यावर वीस देशांनी एकदम दोर सोडला.

"मॅडम," ते म्हणाले, "पोट्टे आमच्याच तलावाचे हायेत."

केंद्रप्रमुखांनी पट मोजला. वीस. नाटकाची प्रत तालुक्याला पाठवा म्हणाले, शेवटासकट.

फेब्रुवारीत सोसायटीची निवडणूक झालीच नाही. सभेत इस्तारीभाऊ उठले, "बारी" एवढंच म्हणाले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. लटारूभाऊ बिनविरोध अध्यक्ष झाले. पंधराव्या दिवशी ते माधवीला पाळीवर भेटले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. व्यापारी पहाटे चारला फोन करतात, बर्फाची गाडी कधी वेळेवर येत नाही, आणि काही अडलं की लोक सरळ इस्तारीभाऊंकडेच जातात, अशी त्यांची तक्रार होती. "मी बी त्याईलेच इचारतो," त्यांनी हळूच कबूल केलं. मग म्हणाले, की धाकट्या नातवाचं नाव जूनपासून इथंच घाला, गाडीत त्याले ओकारी येते.

इस्तारीभाऊंना उतरून दोन आठवडे झाले नाहीत, तोच पालकांनी त्यांना शाळा समितीचे अध्यक्ष केलं. ते आता रोज अकराला येतात, नळ गळतो का बघतात, आणि ज्या घरात पाच वर्षांचं पोर आहे तिथे चहाला जाऊन बसतात. जूनसाठी तीन नावं आली आहेत. खुर्चीही शाळेतच राहिली. तिच्यावर पोरं बारीने बसतात, प्रत्येकाला पाढा संपेपर्यंत.

मार्चमध्ये बायनाबाईंनी झोळीची साडी धुवायला काढली, तर घडीतून एक चुरगळलेला कागद पडला. कडा कुरतडलेल्या, पण अक्षर शाबूत. माधवीने तो शाळेच्या ओट्यावर उभं राहून उलगडला. तिच्याच हातचं होतं. 'शेवट: डोळे मिटतायत, उद्या लिहू. साबण, जिरं, यशूचा डोस.'

ती एकटीच हसत होती, तेवढ्यात इस्तारीभाऊ नळ बघून आले. त्यांनी कागद पाहिला आणि कुरतडलेल्या कडांवरून ओळखलाही; यशूने खाल्लेल्या शेवटाची गोष्ट बायनाबाईंनी केव्हाच गावभर केली होती. इकडेतिकडे बघून आवाज फार मऊ केला. "मॅडम, आता तं सांगा. कागदावर अमेरिका रायली होती ना जी?"

माधवीने कागदाची घडी केली. खोलीतून यशूचं रडणं चाळीस पावलं पार करून स्वच्छ ऐकू येत होतं.

"यशूले इचारा, भाऊ," ती जाता जाता म्हणाली. "वाचला तिनंच हाय."